बांधावर भांडण्याआधी

शंभर मीटर लांबीचा बांध एका बाजूने फूटभर कोरला गेला, तर जमीन किती जाते? साधारण साडेतीस चौरस मीटर. गुंठ्याचा तिसरा हिस्साही नाही. पण हेच दर हंगामाला थोडं थोडं होत राहिलं आणि दहा वर्षांत बांध दहा फूट सरकला, तर तीन गुंठे गेले. दीड-दोन एकरांवर घर चालवणाऱ्याला तीन गुंठे थोडे नसतात. त्याहून जास्त टोचतं ते हे, की शेजाऱ्याने आपल्याला विचारलं नाही. बांधाच्या भांडणात डोकी फुटतात ती या दुसऱ्या कारणाने.

देशावर बांध, विदर्भात धुरा, कोकणात मेर आणि गडगा, शहरालगतच्या प्लॉटवर कंपाउंड. नावं वेगळी, प्रकरण तेच. यात माझं सांगणं एकच आहे: शेजाऱ्याशी बोलणं चालू आहे तोवर हद्द मोजून, दगड रोवून, कागद करून मोकळे व्हा. मोजणी तीच, खर्च तोच, अधिकारी तेच. पण बोलणं चालू असताना केलेली मोजणी दोघांची असते आणि बोलणं तुटल्यावर केलेली मोजणी समोरच्याला अंगावर आल्यासारखी वाटते. मग तिचा निकाल कितीही बरोबर असला तरी तो मानत नाही.

आधी वाद नेमका कशाचा आहे ते स्वतःशी नीट ठरवा. 'हद्द कुठून जाते' हा एक प्रश्न आणि 'त्या हद्दीवर काय, कसं आणि कोणाच्या खर्चाने उभं करायचं' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरकारी नोंदीत आणि जमिनीवरच्या खुणांत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच कार्यालयात मिळत नाही, ते दोन घरांनी बसून ठरवायचं असतं. बांधावरच्या बाभळीची सावली, आंब्याच्या फांद्या, पावसाचं पाणी, बैलगाडीची वाट, तारेचं कुंपण कोणी ओढायचं, हे सगळे दुसऱ्या प्रकारचे वाद. अनेकदा सावलीचा राग हद्दीवर निघतो. बाभूळ कोणी छाटायची हे ठरलं असतं तर मोजणीचा अर्ज टाकावाच लागला नसता, अशी प्रकरणं थोडी नाहीत.

आणि बांध खरंच शेजाऱ्याने कोरला का, हेही बघा. हल्ली नांगरट बहुतेक भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. चालक परगावचा, घाईत, कधी रात्रीचा. त्याला तुमची हद्द ठाऊक नसते आणि कडेचं तास बांधाला घासून जातं. नांगरटीच्या आदल्या दिवशी बांधाच्या कडेने फक्कीची रेघ मारली आणि चालकाला उभं राहून दाखवली, तर पुढच्या कित्येक तक्रारी उगवतच नाहीत. हेच शेजाऱ्याला सांगितलं तर त्यालाही सुटका मिळते. दोष चालकाच्या तासाचा म्हणता येतो आणि कोणाची मान खाली जात नाही.

कागद काय सांगतो, काय सांगत नाही

'माझ्या सातबाऱ्यावर एक हेक्टर वीस आर आहे आणि ताब्यात एक हेक्टर सतराच भरतंय, म्हणजे तीन आर शेजाऱ्याने खाल्ले.' ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती बऱ्याचदा चुकीची ठरते. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. कमी भरणारी जमीन चार बाजूंपैकी कुठल्याही बाजूने गेलेली असू शकते, ओढ्याने खाल्लेली असू शकते, रस्त्यात गेलेली असू शकते, किंवा ती कधी तिथे नव्हतीच आणि नोंदीतच चूक असू शकते. खरेदीखतातली चतुःसीमा पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण एवढं सांगते. किती फुटांवर, ते बहुधा सांगत नाही.

हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याकडच्या मोजणीच्या नोंदींवरून: गटाचा नकाशा, टिपण, गुणाकार बुक, पोटहिस्से पडले असतील तर फाळणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात यांच्या नकला मिळतात. शेजाऱ्याकडे जाण्याआधी आपल्या गटाचा नकाशा आणि त्याच्याही गटाचा नकाशा काढून घ्या. एकत्रीकरण योजनेत, म्हणजे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली, जिथे सर्व्हे नंबरांचे गट झाले, तिथे जुन्या नंबरांचा नकाशाही बघावा लागतो. योजनेत गट एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, असं बऱ्याच गावांत झालेलं आहे.

अशा एका विशिष्ट अडचणीला सरकारने वाट काढून ठेवली आहे. तुमच्या नावची जमीन शेजारी कसतो आणि त्याच्या नावची तुम्ही, असं निदान बारा वर्षं चाललं असेल, तर २०२३ च्या जानेवारीत आलेल्या सलोखा योजनेखाली अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये एवढ्यावर भागतं. योजनेची मुदत आणि अटी दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा तलाठ्याकडे विचारून घ्या. दोन्ही घरं तयार असतील तर असा मोका दवडू नका.

भावकीतल्या बांधाची गोष्ट निराळी. वडिलांनी किंवा आजोबांनी तोंडी वाटे घातले, तिघा भावांचे सातबारे वेगळे झाले, पण नकाशावर गट अजून अखंडच आहे. पोटहिस्से मोजलेलेच नाहीत. अशा ठिकाणी हद्द कायम करण्याचा अर्ज टाकला तर मोजणीदार गटाची बाहेरची हद्द दाखवील. तुमच्या आणि चुलतभावाच्या मधला बांध कुठे असावा हे त्याला सांगता येणार नाही, कारण ते कुठे नोंदलेलंच नाही. इथे पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी लागते आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. सगळ्या म्हणजे लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला वगळून भावांनी आपसात बांध घातला तर तो पुढच्या पिढीचा दावा होऊन उभा राहतो. शिवाय तिला विचारणं हे न्यायाचं आहे.

शेजाऱ्याकडे कसं जावं

बांधावर जाऊन बोलू नका. तिथे दोघांच्याही नजरेसमोर ती उकरलेली माती असते, भोवती गडी असतात आणि आवाज चढतो. संध्याकाळी, जेवणाआधी, त्याच्या घरी जा. एकटे जा, फार तर घरातल्या वडीलधाऱ्याला बरोबर घ्या. तरण्या पोरांना नेऊ नका. पेरणीच्या घाईत किंवा ट्रॅक्टर शेतात उभा असताना हा विषय काढू नका. सुगी आटोपली, हातात थोडा पैसा आणि डोक्याला थोडी उसंत असली, की माणूस ऐकतो.

आरोपाने सुरुवात झाली की पुढचं सगळं बिघडतं. 'तुम्ही बांध रेटलाय' म्हटलं की समोरच्याला 'नाही' म्हणावंच लागतं आणि एकदा 'नाही' म्हटल्यावर तो त्या शब्दाला बांधला जातो. त्यापेक्षा असं काही म्हणता येतं: 'अण्णा, बांध कुठून जातो हे आता तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही अन् मलाही. आपण आहोत तोवर ठीक आहे, पोरांच्या डोक्याला ताप नको. या उन्हाळ्यात दोघं मिळून मोजणी घालू. खर्च निम्मा-निम्मा. माझं तुमच्याकडे निघालं तर तुम्ही सोडा, तुमचं माझ्याकडे निघालं तर मी सोडतो.' या शेवटच्या वाक्यात सगळं वजन आहे. मोजणी आपल्या विरुद्धही जाऊ शकते, हे जो आधीच बोलून दाखवतो त्याच्यावर विश्वास बसतो. आणि ते मनापासून म्हणायचं. निकाल काय लागेल हे मोजणीआधी कोणालाही माहीत नसतं, आणि जो स्वतःची बाजू पक्की समजून गेला त्याच्याकडेच शेजाऱ्याची जमीन निघाली, असंही होतं.

शेजाऱ्याने लगेच होकार दिला नाही तर रेटू नका. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा जा. घरातल्या बायकांचं एकमेकींकडे जाणं-येणं असेल तर ते चालू राहू द्या. पुरुषांचं बोलणं बंद झालं म्हणून घरातल्या बाईने शेजारणीच्या घरचं हळदीकुंकू टाळायचं, ही रीत मला पटत नाही. वाद मिटण्याची वाट कितीदा त्याच दारातून निघते.

गावातला दोघांचाही मान असलेला माणूस मध्ये घालायला हरकत नाही. जुने मास्तर असतील, वारकरी असतील, निवृत्त तलाठी असतील. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगावी समित्या झाल्या. तुमच्या गावची समिती अजून जागी असेल तर तिच्याकडे जा. मात्र मध्यस्थ गावातल्या राजकारणात एका गटाचा असेल तर नको. बांधाचा प्रश्न पार्टीचा झाला की तो बांधावर सुटत नाही.

मोजणीचा दिवस

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात देता येतो आणि ऑनलाइनही भरता येतो. ताजा सातबारा लागतो, शुल्क क्षेत्रावर आणि नियमित की द्रुतगती यावर ठरतं. अर्जात सर्वांत काळजीने भरायची गोष्ट म्हणजे लगतच्या धारकांची नावं आणि पत्ते. त्यांना मोजणीची नोटीस जाते. एखादा शेजारी मुंबईला किंवा पुण्याला असेल आणि पत्ता गावचाच दिला, तर नोटीस पोचत नाही आणि 'मला न कळवता मोजणी केली' ही हरकत त्याला आयती मिळते. सरकारी नोटिशीवर न थांबता तुम्हीही त्याला फोन करा, तारीख कळवा.

शेत मोकळं असताना मोजणी घ्या. उभ्या उसात किंवा डोक्याइतक्या तुरीत मोजणी होत नाही, तारीख फुकट जाते. आदल्या दिवशी बांधावरचं तण, काट्याकुट्या काढून ठेवा. जुने हद्दीचे दगड माहीत असतील तर उकरून मोकळे करून ठेवा, पण हलवू नका. गावातला एखादा जुना माणूस 'इथं दगड होता' म्हणून सांगणारा असेल तर त्याला बोलावून घ्या. विहीर, तिवठा, जुना रस्ता अशा पक्क्या खुणा मोजणीदाराला लागतात. रोवायला दगड किंवा सिमेंटचे खांब, चुना, पहार, चार माणसं तयार ठेवा. मोजणीदाराने खुणा दाखवल्या की त्याच वेळी दगड पक्के रोवायचे. नुसत्या खुंट्या ठोकून 'नंतर बघू' म्हटलं तर पहिल्या पाळीला त्या निघून जातात.

पूर्वी फलक यंत्र आणि साखळी होती. आता रोव्हर येतो आणि उपग्रहांच्या संकेतांवरून काही सेंटीमीटरपर्यंत नेमकी जागा दाखवतो. पण एक लक्षात घ्यायला हवं. यंत्र नवं असलं तरी ज्या नोंदीवरून रेष आखायची त्या नोंदी जुन्याच आहेत. जुन्या मुंबई इलाख्यातली मोजणी तेहतीस फुटांच्या, सोळा आण्यांच्या साखळीने झालेली. तेहतीस फूट चौरस म्हणजे एक गुंठा, हे माप तिथलंच. उन्हात, चढ-उतारावर, माणसांनी ओढलेल्या साखळीच्या मापात थोडाफार फरक राहणारच. म्हणून नव्या मोजणीत हद्द अर्धा-पाऊण फूट इकडेतिकडे आली तर त्यातून शेजाऱ्याची लबाडी शोधू नका. एवढ्या फरकासाठी उभा बांध मोडायचा की आहे तसा ठेवायचा, हे दोघांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर जुनं झाड, पक्की विहीर किंवा चांगला घट्ट बांध असेल तिथे तो ठेवावा आणि तसं लिहून घ्यावं.

मोजणीदार समोर असताना वाद घालू नका. हरकत असेल तर ती लेखी द्या, जबाबात नोंदवून घ्या. सही करताना काय लिहिलंय ते वाचून सही करा. नंतर 'क' प्रत मिळते. त्या नकाशावर नोंदीप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. ती घरात जपून ठेवा आणि एक नक्कल शेजाऱ्याला द्या. मोजणी मान्य नसणाऱ्याला निमताना मोजणी मागता येते, ती उपअधीक्षकांच्या पातळीवर होते. त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना, ती जिल्हा अधीक्षकांकडून.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाबद्दल. मोजणी झाली, अतिक्रमण निघालं, की लगेच ट्रॅक्टर घालून आपली पट्टी नांगरून घ्यायची, असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. शेजारी वर्षानुवर्षं जी पट्टी कसत आला ती तुमची निघाली तरी तो स्वखुशीने सोडत नसेल, तर ताबा कायदेशीर मार्गानेच मिळवावा लागतो. जबरीने घेतली तर कायदा उलट त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. ज्याचा ताबा त्याच्या संमतीवाचून आणि कायदेशीर मार्ग सोडून काढून घेतला, त्याला १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे बघितलं जात नाही. तुमचीच जमीन, आणि हुकूम तुमच्या विरुद्ध.

कागद करा, आणि आजच करा

दगड रोवून झाले, शेजाऱ्याने मानलं, चहा झाला. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि वीस वर्षांनी पोरं पुन्हा भांडतात. त्याच आठवड्यात समजुतीचा करारनामा करा. मुद्रांकावर, दोन्हीकडच्या सगळ्या खातेदारांच्या सह्यांनी, दोन साक्षीदारांसह. 'क' प्रतीची नक्कल त्याला जोडा. भाषा साधी असू द्या. दगड कुठे कुठे आहेत, बांध किती रुंद ठेवायचा आणि तो कोणाच्या बाजूने किती, गवत कोणी कापायचं, बांधावरच्या झाडांचं फळ आणि लाकूड कोणाचं, फांद्या कधी आणि कोणी छाटायच्या, पावसाचं पाणी कुठल्या बाजूने काढायचं, कुंपण घालायचं झालं तर खर्च कसा वाटायचा आणि दुरुस्ती कोणाकडे, वाट असेल तर तिची रुंदी. ज्या गोष्टीवरून कधीतरी शब्दाला शब्द लागला होता ती हटकून लिहा.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. आपसात लिहिलेल्या अशा कागदाने हद्दीची समजूत नोंदवता येते, जमीन देता येत नाही. 'माझी पट्टी मी शेजाऱ्याला दिली' असं लिहिलं तरी नोंदणीकृत दस्ताशिवाय मालकी जात नाही, आणि शेतजमिनीची लहान पट्टी विकण्याच्या आड तुकडेबंदीचा कायदा येऊ शकतो. तेव्हा जमीन हस्तांतरित करायची असेल तर वकिलाला आणि दुय्यम निबंधकाला विचारूनच पाऊल उचला. दुसरी गोष्ट मुदतीची. तुमची जमीन दुसऱ्याने उघडपणे, मालक म्हणून, बारा वर्षं सलग ताब्यात ठेवली तर ती परत मागण्याचा तुमचा दावा मुदतबाह्य होण्याचा धोका असतो. म्हणून शेजाऱ्याला 'असू दे, कसत राहा' म्हणण्याचा मोठेपणा जरूर दाखवा, पण त्याच्याकडून एवढं लिहून घ्या की हद्द अमुक आहे हे त्याला मान्य आहे आणि पलीकडची पट्टी तो तुमच्या परवानगीने वापरतो. परवानगीने वापरलेल्या जमिनीवर विरुद्ध कब्जाचा हक्क उभा राहत नाही. चांगुलपणा आणि कागद एकत्र नांदू शकतात.

कोकणात या सगळ्याला आणखी एक अडचण आहे. हिश्शांवर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही तर पिढ्यांपूर्वी वारलेली. गडगा दुरुस्त करायचा तर सही कोणाची घ्यायची हेच कळत नाही. त्यासाठी गणपती आणि शिमगा हे दोन मुहूर्त. चाकरमानी गावात असतात, दोन्ही घरांतली जाणती माणसं समोरासमोर येतात. मोजणी तेव्हा होईलच असं नाही, पण बोलणी, वारसनोंदीचे अर्ज आणि सह्या त्या दिवसांत होऊ शकतात. आणि कोकणात हद्दीचा वाद पुष्कळदा पाण्याचा असतो. जुना दगडी गडगा फटींतून पाणी सोडत होता. त्याच्या जागी चिऱ्याची सिमेंटने बांधलेली भिंत आली की वरच्या आगरातलं पाणी अडतं, किंवा एकाच जागी फुटून खालच्याच्या अंगणात उतरतं. भिंत बांधताना पाण्याच्या वाटा सोडा. कुठे सोडायच्या ते खालच्या शेजाऱ्याला विचारून ठरवा.

प्लॉटवर कंपाउंड बांधणाऱ्यांनी पायाकडे लक्ष द्यावं. भिंत वर सहा इंच दिसते, खाली पाया तिच्या दुप्पट-तिप्पट रुंद असतो. भिंतीची बाहेरची कड हद्दीवर आणली की पाया शेजाऱ्याच्या जमिनीत गेलाच. उद्या तो खोदकाम करील तेव्हा दिसेल. भिंत स्वतःच्या खर्चाने बांधायची असेल तर पायासकट स्वतःच्या हद्दीत घ्या. ती मग पूर्ण तुमची. सामायिक भिंत हवी असेल तर मध्यभागी घ्या, खर्च निम्मा करा, आणि तिच्यावर पत्रे टाकायचे नाहीत, खोली टेकवायची नाही, हे दोघांनीही लिहून द्या. पालिकेची परवानगी आणि उंचीची मर्यादा आधी तपासा. गावठाणात तुमच्या पागोळ्यांचं पाणी कोणाच्या भिंतीवर पडतं तेही बघा. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होऊन जिथे मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, तिथे आपली पत्रिका वाचून घ्या. मधली बोळ तुमच्या नावावर आहे की सामायिक, हे तिच्यावरून कळेल.

कुंपणाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. रानडुकरं आणि गुरं येतात म्हणून तारेत घरची किंवा खांबावरची वीज सोडू नका. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, त्याचं पोर, वाट चुकलेलं कोणीही त्याला चिकटून मरतं, आणि तार टाकणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. सौरऊर्जेवरचं झटका यंत्र वेगळं. ते क्षणभराचा धक्का देऊन सोडतं. तेही बसवलं तर बांधावर पाटी लावा आणि शेजारच्या घरात लहानथोर सगळ्यांना सांगून या.

बोलणं तुटलंच तर

सगळं करूनही समोरचा ऐकत नाही, असं होतं. मग एकट्याच्या नावे मोजणीचा अर्ज टाका. बांधाचे, दगडांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. हद्दीचे दगड त्याने हलवले असतील तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये हद्दीच्या खुणा मोडणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी दावा. चालू दाव्यातही तडजोड करता येते. लोकअदालतीत प्रकरण मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे तिथे वाद खरोखर संपतो. दावा दाखल केला म्हणून समेटाची बोलणी सोडू नका.

शेजाऱ्याने वाट अडवली किंवा पाण्याचा प्रवाह बंद केला असेल तर मात्र थांबून चालत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला मुळातच वाट नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. त्यात तहसीलदार वाजवी गरज बघतात आणि शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल अशी वाट ठरवतात. मारहाणीची धमकी असेल तर पोलिसांत जा. ते तुमच्या जिवासाठी, हद्द ठरवायला नव्हे. हद्द पोलीस ठरवू शकत नाहीत. आणि बांधाच्या वादात समोरच्याला अडकवण्यासाठी खोटी फिर्याद कधीही करू नका, कोणी कितीही सुचवलं तरी. फूटभर जमिनीसाठी कोणाच्या तरी पोराची नोकरी, कोणाच्या तरी मुलीचं नाव पणाला लागतं, आणि त्यानंतर त्या दोन घरांत समेट होणं फार अवघड होऊन बसतं.

यंदा मोजणी घ्यायची ठरवली असेल तर हिशेब असा. नोंदींच्या नकला पेरणी आटोपल्यावर पावसाळ्यातच काढून ठेवा. दिवाळीच्या सुमारास शेजाऱ्याकडे जा. त्याचा होकार मिळाला की दोघांच्या सह्यांनी अर्ज टाका, आणि मोजणीची तारीख रब्बी निघाल्यावरची मिळेल असं बघा. मोजणी आणि दगड रोवणं मृगाच्या निदान पंधरा दिवस आधी उरकायला हवं, कारण एकदा पाऊस पडला की माती ओली होते आणि पेरणीची घाई सुरू होते.